वास येतोय?

पहिल्याच भेटीत त्याने तिचा दंड धरला आणि तिला प्रयोगशाळेबाहेर खेचत नेलं.

"अहो, शुद्धीवर आहात का?" ती भडकली.

"मी आहे. तुम्ही किती वेळ राहिला असता, कोण जाणे!" त्याच्या हातातला मीटर किंचाळत होता. "आत गॅस गळतोय."

"काहीतरीच! आज तर अजिबात वास नाही."

"तेच तर! सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे गॅस गेला नाही... नाक गेलं."

हे तिला पाठ होतं. पण पाठ असलेलं ऐन वेळी आठवेल तर ना!

तो कारखान्याचा नवा सुरक्षा इंजिनिअर. ती संशोधक. तेल शुद्ध करताना निघणारा हा टाकाऊ गॅस चिमणीच्या टोकाशी जळून जायचा. त्यातल्या गंधकाचे अणू साखळीत ओवून प्लास्टिक बनवायचं, हा तिचा ध्यास. वरिष्ठ हसत, बसमध्ये मैत्रिणी चार हात लांब बसत. ती मात्र हटली नाही.

त्याने गळती बुजवली आणि नियम केला – आत काम करताना अधूनमधून विचारायचं, "वास येतोय?" "येतोय" म्हटलं तर काम चालू. "नाही" म्हटलं, की हात धरून पळायचं! विचारायला मदतनीस होती. तरी हा रोज दारातून डोकावायचाच.

"वास येतोय?"

"येतोय. तुमच्या डोक्याला थापलेल्या तेलाचा."

"छान! नाक शाबूत आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला तर... सुट्टीच्या दिवशीही येतो," तो पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला.

यथावकाश 'अहो-जाहो' गळून पडलं आणि तो तिला आत्याकडे घेऊन गेला. आईमागे आत्यानेच त्याला वाढवलं होतं. आत्याने नकार दिला तर? वाटेत ती सारखी आपले केस हुंगून बघत होती.

आत्याने नाकाला रुमाल लावला. "पोरगी गोड आहे. पण केसांना हा वास! लग्नानंतर हे काम सोडशील ना गं?"

मान खाली घालणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"नाही सोडणार. वास धुतला की जातो, आत्या. काम गेलं तर मीच उरणार नाही."

तो तिच्या शेजारी सरकला.

"आत्या," तो म्हणाला, "ती काम सोडणार नाही आणि मी तिला सोडणार नाही. तुझा शब्द कधी मोडला नव्हता. आज मोडतोय."

आत्याचा चेहरा उतरला. तशी पोरीने घाईघाईने आपल्या पर्समधून पिवळसर, पारदर्शक पट्टी काढली. "हे बघा तरी! त्याच घाणीतून केलंय."

आत्याने पट्टी ताणली, सोडली. भीतभीत नाकाशी नेली. पुन्हा हुंगली.

"अगंबाई! वासच येत नाही की!"

दोघं ताडकन उठली. एकाने आत्याचा डावा हात धरला, दुसरीने उजवा आणि तिघं धावत दाराबाहेर!

पायरीवर पोचल्यावर दोघांना उमगलं – हे घर आहे, प्रयोगशाळा नव्हे.

"मेल्यांनो, माझ्याच घरातून मला बाहेर काढलंत!" आत्या धापा टाकत होती, मग तिला हसू आवरेना. "एकाला झाकावं आणि दुसरीला काढावं! सोडा माझे हात... एकमेकांचे धरा."

पट्टी मुठीत घेऊन आत्या चहा ठेवायला आत गेली.

"वास येतोय?" तिने हळूच विचारलं.

त्याने तिच्या केसांवर नाक टेकवलं. "येतोय... जन्मभर येऊ दे."