हुकाला बांधलेली दोरी

दिघ्यातली आमची खोली पाडली त्या दिवशी मी ठरवलं, आता भिंतच नको. भिंत असली की नोटीस चिकटते.

म्हणून नौदलाने मोडीत काढलेला टग घेतला. मोठ्या जहाजांना ओढणारी ही बुटकी, दणकट बोट. इंजिन भंगारवाल्याने आधीच काढून नेलं होतं. उलव्याच्या खाडीत तो चिखलावर टेकवला. इंजिनाच्या जागी मोरी केली, सुकाणूपाशी गॅस मांडला. बायको, संघप्रिया, म्हणाली, "गोल खिडकीला पडदा कसा शिवायचा, ते आधी सांगा."

मागच्या डेकवर ओढकामाचा लोखंडी हूक होता. तिने त्याला दिघ्याहून आणलेली कपड्यांची दोरी बांधली. दुसरं टोक काठावरच्या बांबूला.

काठावर जाळी विणणारे मारोतीकाका म्हणाले, "त्या हुकाला काय बांदू नको रं. ती वढनारी बोट हाय. बांदलंस का वढनार."

मी हसलो. इंजिन नाही, खाली पाणी नाही, काय डोंबल ओढणार?

त्याच दिवसापासून काठाला टाकलेली फळी रोज वीतभर तोकडी पडू लागली.

चौथ्या दुपारी ओहोटी होती. वारा नाही. विमानं डोक्यावरून माशांसारखी सावकाश सरकत होती. दोरी ताणून गुणगुणत होती. बांबू आमच्याकडे झुकला, उपटला, चिखलात पडला.

दोरी तशीच राहिली. हवेत. ताठ.

भुताखेतांना मी भीक घालत नाही. दोरी चाचपत चिखलातून गेलो. ती संपत होती तिथे ओल्या चुन्याचा वास आला. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. नळाखाली भरणाऱ्या पिंपाचा आवाज.

"संघर्ष, पाणी गेलं का रे?"

मला नावाने हाक मारणारा वेणूबाईंचा आवाज. दिघ्यातल्या आमच्या शेजारीण. बुलडोझर आला तेव्हा त्या दारातून उठल्या नव्हत्या. उचलून बाहेर आणल्या तेव्हा संपल्या होत्या. पेपरात ओळ नाही आली.

मी करवत आणली. संघप्रियाने मनगट धरलं.

"तोडू नका. एकदा तोडलंय त्यांचं."

"अगं, आपलं घर जाईल."

"कुठे?"

मी करवत ठेवली. झोप मात्र पाळण्यातली लागली.

सकाळी फळी चिखलात पडलेली. काठ लांब. समोर खोल पाणी, अगदी जवळ.

मी मागे पाहिलं. चिखलात टगच्या बुडाची लांब घळ उमटली होती.

तिच्या मागे दुसरी. दिघ्यातल्या आमच्या गल्लीएवढी रुंद.