एकसष्ट हजार चारशे बारा

मिस्त्रीच्या मते गाडीच्या निम्म्या तक्रारी घट्ट ऑइलने मिटतात आणि उरलेल्या निम्म्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतात. जुनं इंजिन खडखडलं की वीस-पन्नास नंबरचं घट्ट ऑइल ओतायचं, हा त्याचा तीस वर्षांचा खाक्या. बायकोचं उलट. ती आधी गाडीचं पुस्तक बघायची, मग ऑइलचा नंबर आणि पुढच्या बदलीचे किलोमीटर कार्डावर लिहून बॉनेटखाली बांधायची. बॉनेट कधी आपटायची नाही. हळूच टेकवून दोन्ही तळव्यांनी दाबायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता कार्डं तोच लिहायचा, गिचमिड अक्षरात.

मुलगी उद्या नोकरीवर रुजू व्हायला घाटापलीकडच्या थंड गावी निघणार होती. दुपारी त्याने तिच्या जुन्या गाडीत वीस-पन्नास भरलं आणि कार्डावर लिहिलं: आज ६१,२४०, पुढची बदली ६६,२४०.

"बाबा, पुस्तकात पातळ, पाच-तीस दिलंय. थंडीत घट्ट ऑइल लवकर फिरत नाही, आई सांगायची."

"पुस्तक लिहिणाऱ्याने तुझं इंजिन ऐकलंय का?"

सकाळी त्याने बॉनेट उघडलं. कार्डावर वीस-पन्नासच्या जागी पाच-तीस होतं. खाली, पुढची बदली ६१,४१२. टपोरं, गोल अक्षर बायकोचं.

म्हणजे अवघ्या एकशे बहात्तर किलोमीटरवर.

त्याने अक्षरावरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली. मग वाटलं, पोरीचीच खोडी. आईचं अक्षर गिरवतच ती लिहायला शिकली. ऑइल बदलायला अर्धा तास पुरला असता. पण हार कोण मानणार? त्याने कार्ड खिशात कोंबलं.

"तूच लिहिलंस ना?"

"काय?"

"काही नाही. सावकाश जा."

दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी फोन वाजला.

"पोचले, बाबा."

त्याचा जीव भांड्यात पडला. "गाडीने त्रास नाही ना दिला?"

"घाटमाथ्यावर चहाला थांबले, तिथून सुरूच होईना. झाली, तर पुढच्याच वळणावर बंद पडली. मागून ट्रक येत होता."

"मग?"

"मग काही नाही. आता अगदी हलकी चालते. फक्त किलोमीटरचा आकडा तिथेच थांबलाय. एकसष्ट हजार चारशे बारा."

त्याने खिशातलं कार्ड घट्ट धरलं.

"थंडी आहे का गं?"

"नाही बाबा. अजिबात वाजत नाही."

फोनवर तिच्या मागे कुणीतरी बॉनेट लावल्याचं ऐकू आलं. हळूच टेकवलं, मग दोन्ही तळव्यांनी दाबलं.