उजवा गाल

“अहो… जरा जागा बदलता का माझ्याबरोबर?”

भाग्यश्रीनं मान वर केली. इंदिरानगरातल्या त्या त्वचेच्या दवाखान्यात अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि शेजारी बसलेल्या या गृहस्थाला नेमकी तिचीच हवी होती.

“का? हिला काय सोनं लागलंय?”

“तसं नाही… इथून तुम्हाला माझा उजवा गाल दिसतो. तिकडे बसलो की डावा दिसेल.” तो ओशाळून हसला. “डावा बरा आहे.”

आता असं कुणी म्हटल्यावर उजव्या गालाकडे कोण बघणार नाही? भाग्यश्रीनं पार वाकून बघितलं. डावा गाल चांगला तुकतुकीत, तिशीतला. उजवा मात्र काळवंडलेला, डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं. थोरला आणि धाकटा भाऊ एकाच चेहऱ्यात नांदत होते म्हणा ना!

“हे कशानं?”

“गाडीनं. शेतीच्या औषधांची कंपनी आहे, दिवसभर फिरती. ऊन येतं ते ड्रायव्हरच्या खिडकीतून. उजवा गाल नोकरी करतो, डावा नुसता सोबत हिंडतो.”

भाग्यश्री खळखळून हसली. मग आपण दवाखान्यात आहोत हे आठवून तिनं तोंडावर ओढणी धरली. जागा मात्र बदलून दिली नाही.

“आणि तुम्ही मघापासून कुणावर रागावलाय?” त्यानं हळूच विचारलं.

झालं! तिचं दुखणं तेच होतं. दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी. आजोबांना होती, वडिलांना आहे, आक्काबाई आत्याला तर इतकी खोल की सोसायटीत तिच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. भाग्यश्रीच्या कपाळावर ती इतरांपेक्षा लवकर उतरली, कारण मखमलाबादला घरची गुलाब-शेवंतीची शेती तीच बघायची आणि डोळे बारीक करून भर उन्हात उभी राहायची. मनानं पोरगी लोण्यासारखी. पण बघायला आलेली दोन स्थळं ‘मुलगी तापट दिसते’ म्हणून परत गेली होती.

“मी रागावलेले नाही,” ती म्हणाली. “ही आमच्या घराण्याची आहे.”

“मग काढताय कशाला?”

“दिवाळीनंतर पाहुणे येणार आहेत. मामेबहिणीनं त्यांना माझा फोटो पाठवला, फिल्टर लावून. त्यात मी उकडीच्या मोदकासारखी गुळगुळीत आहे. आता फोटोसारखं दिसायला नको?”

त्याला हसू आवरेना. “आमच्याकडूनही एका ठिकाणी फोटो गेलाय. फेटा, गॉगल आणि डावी बाजू. त्या मुलीनं उजवा गाल बघितला की संपलंच, म्हणून आलोय लेसरची चौकशी करायला.” मग तो थांबला. तिच्या कपाळाकडे बघत, जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, “खरं सांगू का… चांगली शे तुमची आठी. माणूस मन लावून ऐकतंय असं वाटतं.”

कुणी तिच्या डोळ्यांचं कौतुक केलं होतं, कुणी केसांचं. आठीचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. आणि ‘आहे’ऐवजी तो ‘शे’! सटाण्याकडचा असावा. भाग्यश्रीचे कान तापले. नाव तरी विचारावं का… असं तिच्या ओठांवर आलं, तेवढ्यात काउंटरवरून हाक आली.

“भाग्यश्री काकड!”

ती उठली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम का थांबलं, ते तिला कळलं नाही.

आत डॉक्टर सुमेधांनी भिंगातून बघितलं. “आठी पडायची ठेवण घरातून आलीय, त्याला इलाज नाही. पण ती इतक्या लवकर कोरली गेली ते उन्हानं आणि डोळे बारीक करायच्या सवयीनं. रुंद काठाची टोपी घाला, सनस्क्रीन रोज लावा, एकदा डोळे तपासून घ्या. इंजेक्शन दिलं तर पंधरवड्यात आठी सैल पडेल. तीन-चार महिन्यांनी परत येईल, मग पुन्हा घ्यायचं. त्यात गैर काही नाही, पुष्कळजणी हौसेनं घेतात. तुम्ही कशासाठी घेताय?”

“पाहुण्यांसाठी.”

“हा पाहुण्यांचा निर्णय झाला. तुमचा कोणता?”

भाग्यश्रीनं समोरच्या आरशात बघितलं. आठी होतीच. मन लावून ऐकत होती.

“नको,” ती म्हणाली. “सनस्क्रीन लिहून द्या.”

बाहेर आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. “ते ना? नंबर सोडून गेले,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. नाव नाही, गाव नाही, आणि भाग्यश्रीचा जीव मात्र त्या गालाला चिकटला. दिवाळी आली नि गेली, पणत्या लावतानाही तिला तोच आठवत होता. शेवटी तिनं ठरवून टाकलं. बघायला येणाऱ्या देवळ्याच्या त्या कुंदन आहेरला नम्रपणे नकार द्यायचा. मनात एक आणि मांडवात दुसरा, हे तिला जमणार नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. कांद्याच्या गावच्या माणसांना कांदेपोहे काय द्यायचे म्हणून आईनं शिरा केला होता. भाग्यश्री तोंड धुऊन, कुंकू लावून, आठीसकट तयार झाली. मामेबहीण मनाली कपाळाला हात लावून म्हणाली, “ताई, निदान पावडर तरी!”

“आहे ती अशी आहे,” भाग्यश्री म्हणाली आणि ट्रे उचलला.

बाहेर आई आग्रह करत होती, “अहो, तिथं ऊन येतंय. इकडे पंख्याखाली बसा ना.”

“नको, नको. इथंच बरं शे.”

भाग्यश्री दारातच थबकली. खिडकीतून तिरीप आली होती, आणि तिच्यात एक उजवा गाल, काळवंडलेला, जाळं पडलेला, मुद्दाम दाराकडे करून बसला होता.

पुढं मोठ्यांनी रीतीप्रमाणे दोघांना शेवंतीच्या वाफ्याकडे पाठवलं.

“पळालात का?” तिनं विचारलं.

“नाव ऐकलं म्हणून. जिच्यासाठी गाल दुरुस्त करायचा, तिनं तर वाकून बघून घेतला होता. मग डॉक्टरांना काय दाखवू?”

“आणि मी इंजेक्शन घेतलं असतं तर?”

“तर थांबलो असतो. तीन-चार महिन्यांत परत येते म्हणे.”

ती हसली… आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मी आज तुम्हाला नकार देणार होते, माहितेय? तुमच्यासाठीच.”

“मग आता?”

ती तरातरा ओसरीवर आली, आणि ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणत उठायच्या बेतात असलेल्या पाहुण्यांसमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, “मला मुलगा पसंत आहे.”

आक्काबाई आत्या गरजली, “अगं, पोरीनं आधी बोलायचं असतं व्हय?” पण डोळ्यांत लय कौतुक होतं.

“मला तर दवाखान्यातच पसंत होती,” मागून कुंदन म्हणाला. त्यावर जो गोंधळ उडाला, तो निस्तरायला दोनदा चहा करावा लागला.

मनालीनं मोबाइल काढला. “थांबा, फिल्टर लावते.”

“नको!” दोघं एकदम ओरडले.

तो फोटो आता काकडांच्या बैठकीत लागलाय. नवरदेवाचा उजवा गाल पुढं, नवरीच्या कपाळावर आठी, मागं आत्याची तिच्याहून खोल. कुणी विचारलंच की मुलगी रागावली होती का, तर आत्या ठसक्यात सांगते, “नाय हो. जिंकली होती.”