खंडेनवमीचा नारळ

गाडी ढकलत ढकलत आम्ही गल्लीच्या तोंडाशी आणली आणि तिथंच दम संपला. मागून माझ्या तीन विद्यार्थिनी ढकलत होत्या, स्टिअरिंगवर मी. तेवढ्यात कानाशी हॉर्न वाजला. पीं... पीं... पीं!

"काय ओ पावणं, दिसत न्हाई व्हय?" मी खिडकीतून डोकं काढून ओरडले. "बंद पडलीया गाडी!"

लुनावर एक सावळा, उंच तरुण बसला होता. लुनाच्या हँडलला झेंडूची माळ. त्यानं माझ्या टपावरचा बोर्ड सावकाश वाचला. 'ललिता मोटार ड्रायव्हिंग क्लास – फक्त महिलांसाठी.'

"दिसतंय की, मॅडम. पण शिकवणाऱ्याचीच गाडी बंद पडल्यावर शिकणाऱ्यांनी काय करायचं ओ?"

"ढकलायचं!" मागून तिघींतल्या शालूबाई धापा टाकत म्हणाल्या.

तो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या दिवशी माझं सगळंच त्या गाडीवर अडलं होतं. गोष्ट नव्व्याण्णव सालची, खंडेनवमीची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांची जुनी फियाट मला क्लाससाठी वर्षभर दिली होती. वर्ष दसऱ्याला भरत होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या तिघींची आरटीओत परीक्षा. तिघी पास झाल्या तर क्लास पुढं चालू... नाही तर मलकापूरच्या स्थळाला होकार. अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. आणि गाडी तर सकाळपासून नुसती घरघर करत होती!

मेकॅनिक मिळेना. ज्याच्या दारात जावं तो हात जोडून म्हणे, "ताई, आज हत्यारं पूजेला बसलीत. दसरा झाल्याबिगर हलवायची न्हाईत."

लुनावाल्याला मी तेच सांगितलं. म्हटलं, आता तरी वाट बदलून जाईल.

"माझीबी हत्यारं पूजेलाच हायत," तो लुना स्टँडला लावत म्हणाला. "पण डोकं न्हाई ठेवलेलं पूजेला. बॉनेट उघडा."

त्याचं नाव पृथ्वीराज. गगनबावड्याचा. शेतीपंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान त्यानं दोन महिन्यांपूर्वी आमच्या मंगळवार पेठेत टाकलं होतं. नाव पृथ्वीराज आणि वाहन लुना... मी मनात म्हटलं. बहुतेक तोंडावर दिसलं असावं.

"घोडा दुरुस्तीला टाकलाय," तो खाली बघतच म्हणाला.

आता मात्र मला हसू आवरलं नाही.

"पेट्रोल हाय?"

"मला काय येडी समजता काय?"

"बॅटरी?"

"हॉर्न वाजवून दाखवू? तुमच्यापेक्षा मोठा वाजतोय."

"नको, कळलं." त्यानं एका प्लगची वायर उपसली आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं म्हणजे... माझ्या केसांकडं. मी उगाचच पदर सावरला.

"एक पिन द्या की."

"काय?"

"केसातली. लोखंडाचं काहीतरी पायजे. पाना चालायचा न्हाई, पिन मात्र हत्यारात धरत न्हाईत."

मी पिन काढून दिली. बट कपाळावर आली, ती त्यानं पाहिली आणि पटकन इंजिनात तोंड घातलं. कान लाल झाले होते त्याचे! पिन त्यानं वायरीच्या टोकात खोचली, वायर कोरड्या फडक्यात धरली आणि पिनेचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं.

"मारा स्टार्टर."

मी चावी फिरवली. ठिणगी नाही. मग त्यानं मधली जाड वायर उपसली, तिच्यात पिन खोचली. "आता मारा." चट् चट् चट्... निळी ठिणगी! आणि पाठोपाठ "आई गं!"

"काय झालं?"

"काय न्हाई. जरा जास्तच जवळ गेलतो," तो हात झटकत म्हणाला. "बघा, करंट इथवर येतोय. पुढं प्लगकडं जात न्हाई. म्हणजे ही प्लगांना करंट वाटणारी काळी टोपी हाय न्हवं, तिच्यात अडलंय. आत पाणी गेलंय काय?"

"थेंबभर न्हाई. मी कोरड्या फडक्यानं पुसलीया."

"खरं सांगा."

"मी खोटं बोलत न्हाई!"

टोपीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे त्यानं अंगठ्यानं उघडले आणि टोपी उलटी केली. आत ओल चकाकत होती. आणि मुंग्या! काठावरून ओळीनं आत निघालेल्या लाल मुंग्या. त्यानं बोट लावून वास घेतला.

"मॅडम... मुंग्या पाण्याला येत न्हाईत. हे गोड काय हाय?"

मला पहाटेचा नारळ आठवला. दरवर्षी अण्णा पुढच्या चाकाजवळ नारळ फोडत. यंदा पूजेचा हट्ट माझा होता. वाटलं, एवढं सगळं अडलंय, तर देवीला जरा जवळून सांगावं. म्हणून पहाटे एकटीनं बॉनेट उघडलं आणि नारळ थेट इंजिनावर फोडला, अगदी पाण्यासकट! माझ्या हातानं मी माझाच क्लास बुडवला होता. डोळे भरून आले. मी हळू आवाजात त्याला सगळं सांगून टाकलं, मलकापूरसुद्धा.

मला वाटलं, आता पेठभर ऐकू जाईल असा हसेल. नाही हसला.

"भाव बरोबर हाय," तो तितक्याच हळू म्हणाला. "नुसता नारळ चाकाऐवजी टोपीला पोचला."

त्याच क्षणी मला तो आवडला. लपवायचं काय त्यात?

टोपी त्यानं पुसली, चार पावलांवरच्या आमच्या घरात नेऊन आईच्या सांडशीत धरून कोमट तव्यावर चांगली शेकली. बोर्डाच्या अक्षरांना मी वापरलेल्या पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आतली टोकं घासली आणि टोपी परत बसवली. आमचा हा उद्योग घराच्या ओट्यावरून बघत अण्णा बसले होते.

"काय झालं होतं रे?" त्यांनी विचारलं.

मी डोळ्यांनीच त्याला 'सांगू नको' म्हणून खुणावलं.

"टोपीत ओल धरली होती, काका."

"ओल? ह्या उन्हात? कशानं?"

"हवामान..." तो म्हणाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता! अण्णांनी आधी वर पाहिलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं.

मी चावी फिरवली. घर्र... घर्र... आणि फियाट धडधडून सुरू झाली. शालूबाईंनी गल्लीतच फुगडीचा फेर धरला. त्या गडबडीत तो लुना घेऊन निघूनही गेला. माझी पिन घेऊन!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिघी पास झाल्या. शालूबाईंनी गाडी मागं घेताना साहेबांनाच "बाजूला व्हा की ओ!" म्हणून दम भरला, तरीही. घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "मलकापूरला न्हाई म्हणून कळवतो."

संध्याकाळी लुना दारात थांबली. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मुठीत पिन.

"ही द्यायला आलतो. आणि... क्लास लावायचाय."

"तुम्हाला गाडी येत न्हाई?"

"दुरुस्त करता येती. चालवायला कधी मिळालीच न्हाई."

"बोर्ड वाचलाय न्हवं? फक्त महिलांसाठी."

"वाचलाय." तो लुनाच्या आरशाशी चाळा करत राहिला. "म्हटलं... मॅडमच्या घरच्या माणसाला तरी सवलत असंल..."

मी म्हटलं, "सवलत हाय. पण ती अण्णांना इचारून मिळती."

"मी काय बहिरा हाय व्हय?" ओट्यावरून आवाज आला. आम्ही दोघं दचकलो. अण्णांनी पेपर खाली घेतला. "आधी त्याला गाडी येऊ दे. लायसन आणू दे. मग त्याच्या आई-बापाला घेऊन ये म्हणावं, हवामानाचं बोलू."

पिन मी परत घेतलीच नाही.

आजवर मी कितीतरी जणींना गाडी शिकवली, पण त्याला शिकवली तशी जीव ओतून कुणालाच नाही. तो क्लचवरचा पाय मुद्दाम उशिरा काढायचा, मी मुद्दाम रागवायचे. कच्चं लायसन काढल्यावर पक्क्यासाठी महिनाभर थांबावं लागतं. आम्ही तो एकेक दिवस मोजून काढला.

एकतिसाव्या दिवशी सकाळी आरटीओचं दार उघडलं, तेव्हा रांगेत पहिला पृथ्वीराज होता. आणि त्याच्या शेजारी मी.