गर्डरला टांगलेला नारळ

"आज इंजिन उचलताना बघायचंच!" उषाने सकाळीच जाहीर केलं. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि धाकटा भाऊ देवू तारापूरच्या वसाहतीतून समुद्रकाठच्या मुरबे गावात, मैत्रीण ठमीकडे आले होते. गावात बर्फाचा कारखाना उभा राहत होता. शेडच्या दोन भिंतींवर लोखंडी गर्डर आडवा टाकला होता. काय दणकट होता तो! त्याला टांगून इंजिन जागेवर बसवायचं होतं, आणि खाली उभं राहून ते वळवणार होते ठमीचे बाबा, सुका.

आधी एक पंप उचलला गेला. तेव्हा गर्डरवर, वजन टांगायच्या आकड्याजवळ रंगाचे पोपडे उडाले.

"गर्डर तिरका झाल्यासारखा वाटला," उषा म्हणाली.

ठमी वर बघत होती. "आकडा एकाच काठाला हाय. आमी बोंबील वाळत घालताना असे नाय लावत. दोगांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, एक दोरीच्या इकडं, एक तिकडं. नायतर वजनानं दोरी पिळते."

मुलींनी कामावरच्या बन्सी मुकादमांना सांगितलं, तर ते हसले. "हा गर्डर अशी चार इंजिनं पेलेल. पळा, बोरं खा!"

मुकादमांना शहाणपण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण देवाधर्माच्या गोष्टीला ते कधी नाही म्हणत नाहीत, ही त्यांची खोड उषाला माहीत होती.

"काका, पूजेचा नारळ तरी बांधू द्या."

"त्याला नाही कसं म्हणू?"

ठमी सरसर शिडी चढली. तिने आकड्याच्या बाजूने, गर्डरच्या वरच्या काठाला नारळ असा टांगला, की सुतळी खालच्या काठाला टेकली.

"सुतळी सरळच राहणार," उषा देवूच्या कानात म्हणाली. "फट पडली, की गर्डर पिळतोय."

साखळी खडखडली. इंजिन कमरेइतकं उचललं. बाबा त्याखाली वाकले. ठमीने सुतळीवर नजर रोखली. सुतळी आणि लोखंड यांत बोटभर फट पडली, मग दोन बोटं!

"मुकादमकाका, नारळ बघा!" देवू ओरडला.

ते रागावणारच होते, पण फट दिसली आणि त्यांचा चेहरा पडला. "सुका, बाजूला हो! खाली घ्या!"

बाबा बाजूला सरले आणि इंजिन धपकन टेकलं. क्षणापूर्वी ते वाकले होते, अगदी तिथेच.

इंजिनीअर नागोराव धावत आले. "मधोमध टांगलं असतं, तर गर्डरनं सहज पेललं असतं," ते म्हणाले. "एका काठाला वजन आलं की तो नुसता वाकत नाही, पिळतो. पीळ सोसायची ताकद त्याच्यात थोडीच. शाबास, पोरांनो! हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं."

मुकादमांनी कान पकडले. दोन्ही काठ धरणारा आकडा आला. इंजिन पुन्हा उचललं, तेव्हा सुतळी जागची हलली नाही.

बाबांनी नारळ फोडला. पहिला तुकडा ठमीच्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं,

"आता बोंबील लावाया बोलावलं तर कंटाळा करशील?"

"करीन," ठमी म्हणाली आणि त्यांना घट्ट बिलगली.