मागचा भोंगा

भोंगा मागू नका, पाव्हणे. लग्न तुमच्या पोरीचं आहे, गाडी न्या, ग्रामोफोन न्या, पुढचा भोंगा बी खुशाल न्या. मागच्याले मी हात लावू देणार नाई. आता असं तोंड करू नका. बसा, कंदील जरा इकडं सरकवा, सांगतो काऊन ते. आवाज मात्र बारीक ठेवा, ती आत भात रांधून राह्यली.

चोपन्न सालची गोष्ट. लढाईतून उरलेली ही छोटी ट्रक मी चांद्याच्या लिलावात घेतली. मागं उघडा डाला, पुढं दोन माणसाची केबिन. लग्नात गाणे वाजवाले टपावर एक भोंगा होता, पण त्याचा आवाज म्हणजे म्हाताऱ्याचा खोकला. मले चैन पडे ना. चालती वस्तू उघडून पाह्याची मले लहानपणापासून खुजली आहे. नागपूरहून मोठा अँप्लिफायर आणला, दुसरा भोंगा आणला, केबिनमधी ठेवाले स्पीकरची एक पेटी आणली. मिस्त्री म्हणे, मी बसवून देतो. म्हणलं, तू काऊन? माह्ये हात काय बाजारात गेले?

याच आंगणात पाना-पक्कड घेऊन बसलो. टपाले छेद पाडले, एक भोंगा पुढं तोंड करून कसला, दुसरा मागं. पेटी सीटच्या मागं, बॅटरी पायापाशी. तारा वढल्या, डाग दिले. रुखमा, म्हणजे माही बायको, शेजारी उभी राहून पाहे. एकदा म्हणे, "ऐकता काय, एवढा आवाज कोणाले ऐकवाचा आहे?"

"जंगलाले," म्हणलं. बोलून गेलो.

पहिलंच काम आलं कोसमटोल्याच्या लग्नाचं. धानोऱ्याच्या पलीकडं, सारं जंगल. मोहाचे दिवस होते, रुखमाले संग नेलं. संध्याकाळी रेकॉर्ड लावली तं आवाजच नाई. तबकडी फिरे आन भोंगे मुके. माईक लावला तं पुढचा भोंगा असा कडाडला का कुत्रे पळाले. म्हणजे कुठी तरी तार उलटी बसली होती. मांडवात लोक ताटकळले. मंग बायाईनं रुखमाले वढत आणलं, "नाव घे, नाव घे." आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाई, तुमाले ठावं आहे. उखाण्यात घेईल तेवढंच. रुखमा लाजली, पदर दातात धरला, मंग माईकपुढं म्हणाली,

"कांडलं धान, पाखडला कोंडा,
लटारूचं नाव घेतो, तोंडापुढं भोंगा."

सारा मांडव हसला. पण तिचा आवाज झाडाझाडाईत गेला आन लई वेळ तिथीच फिरत राह्यला. गावातला म्हातारा पोचू तेवढा हसला नाई. म्हणे, "नाव इतक्या लांब पाठवाचं नसते, भाऊ." मी म्हणलं, जुन्या माणसाईले नव्या वस्तूचा जाच होतेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया मोह वेचाले निघाल्या. रुखमानं माहा लाल काठाचा दुपट्टा डोक्याले बांधला आन त्याईच्या मागं गेली. दुपारी बाया आल्या. रुखमा नाई. "आमच्या मागंच होती," एवढंच साऱ्या म्हणत. गावचे लोक ढोल घेऊन जंगलात शिरले. मी गाडी काढली, पोचू संग बसला, नाल्यापाशी नेऊन उभी केली आन माईक धरला. तिचं नाव मी बी चारचौघात कधी घेतलं नव्हतं.

"रुखमा..."

पुढचा भोंगा गरजला आन मंग काही नाई. असं ऊन का पाखरू बोलत नव्हतं. मोहाचा वास नाकात बसला होता, गोड, डोकं धरणारा. मी वरडत राह्यलो, घसा बसला, माईक मांडीवर ठेवला. तवा मागच्या पेटीतून खसखस ऐकू आली. पाचोळ्याची. बटन खालीवर केलं, तरी येतच होती. मंग ध्यानात आलं. ग्रामोफोनची तार जिथी लावाची, तिथी मी मागच्या भोंग्याची तार लावून बसलो होतो. म्हणून काल रेकॉर्ड वाजली नाई. भोंगा बोलते तसा ऐकते बी, पाव्हणे. गाडीच्या मागं जे काही होतं ते तो ऐकत होता, आन पेटी आमाले ऐकवत होती.

पाचोळ्यावर पाय पडून राह्यले होते. थांबत, चालत. आन मंग रुखमाचा आवाज.

"लटारू..."

पोचूनं माह्याकडं पाह्यलं.

"लटारू... मी इथी आहो... मले रस्ता दिसून नाई राह्यला... तुमचा दुपट्टा हालवून राह्यली... दिसत नाई काय..."

मी मागं पाह्यलं. नुसती झाडं. दार उघडून एक पाय खाली टाकला तं पोचूनं मनगट धरलं.

"तुही बायको तुहं नाव घेते काय?"

"नाई."

"मंग ते रुखमा नाई. काल जंगलानं ऐकलं, आज तुले ऐकवून राह्यलं. गेला तं वापस येणार नाई."

पेटीत ते रडू लागलं. हमसून हमसून. माह्यानं ऐकवलं नाई. मी बटन बंद केलं.

तेवढ्यात गाडीच्या पुढून, उलट्या बाजूनं, रुखमा येतानी दिसली. डोक्यावर टोपली, चाल तीच. "ऐकता काय, काऊन बोंबलून राह्यले? सारं जंगल उठवलं." जीव भांड्यात पडला. मी तिथीच रडलो, लाज काहाची? टोपलीतले मोहफुलं मात्र टवटवीत होते. पहाटे वेचलेला मोह दुपारपर्यंत मलूल पडते. मन म्हणे, चूप बस, बायको भेटली ना?

"दुपट्टा कुठी पाडला?" मी विचारलं.

"कोणता दुपट्टा?" ती म्हणाली.

घरी आलो. संसार चांगला चालला. खोटं काऊन बोलू, तिच्या हाताले चव आहे, कोणाले उलटून बोलत नाई, माहं नाव घेत नाई. लग्नात बाया उखाण्याले वढतात तं हसून बाजूले होते, तवा बी घेत नाई.

मंग पुढच्या साली शेजारच्या मुखरूच्या घराले आग लागली. तो आत अडकला. आन त्याची बायको, जिनं जन्मात कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं, साऱ्या गावादेखत वरडली, "मुखरू... मुखरू, बाहीर या..." कोणी हसलं नाई. जीव जाते तवा रिवाज कोण पाह्यते? मी हातात बादली घेऊन तसाच उभा राह्यलो. मले नाल्यापासचं ते रडणं ऐकू येऊन राह्यलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केबिनमधी बसलो आन बटन दाबलं. तार मी बदललीच नव्हती. पाचोळा वाजला. इथी, मूल गावात, माह्या आंगणात, जिथी मोहाचं एक झाड नाई. आन लई दुरून, "लटारू..."

मी पोचूकडं गेलो होतो. तो मेला होता. जंगलात बी हिंडलो, हाका मारल्या, काही नाई. ऐकू येते ते फक्त या भोंग्यातून, मोहाच्या दिवसात. मागच्या साली पाण्यात पाय वाजत होते, मधातली वैनगंगा उतरून राह्यली होती. अवंदा तिच्या आवाजामागं आपल्या गावच्या राईस मिलचा पट्टा फटफटत होता. थकली आहे. पण रस्ता सापडला तिले.

आज सकाळी मागच्या कुंपणावर लाल काठाचा दुपट्टा होता. विरलेला, ओला. आत नेऊन दाखवला तं ती लई वेळ पाहात राह्यली. म्हणे, "फेकून द्या." त्याले हात बी लावला नाई.

थांबा. ती आतून बोलून राह्यली.

"ऐकता काय... मागच्या दाराची कडी लावली ना?"

"लावली."

लावली नाई, पाव्हणे. सकाळपासून काढूनच ठेवली आहे.