कोंबडीची मालकीण

ताडकळसच्या आठवडी बाजारात एक तरणाबांड गडी आपल्याच कोंबडीकडे पाठ करून बसला होता. असली विक्री प्रियांकानं कधी पाहिली नव्हती. मावशीनं अंडी आणायला धाडलेली ती, जागीच थबकली.

"कोंबडी विकायलाव, का रुसून बसलाव?"

तो वळला. कपाळावर चिकटलेले केस, हाताला ग्रीसचे डाग, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं मग सांगू.

"विकायलो. बाकीच्या सकाळीच गेल्या, ही तांबडी तेवढी उरली. आईच्या हायत, बघवत न्हाई."

"मग कामून विकायलाव?"

"आईला कॅन्सर हाय, केमो चालू हाय. मागं विहारात एक बाई भोंग्यावर बोलल्या, की प्रोटीनमुळं कॅन्सरची पेशी मरत न्हाई, औषध बी चालत न्हाई. मी गॅरेजात गाडीखाली पडून ऐकलं. त्याच दिवशी आईचं वरण, अंडी, समदं बंद केलं. आवाज लय गोड होता बाईंचा... खोटं कशाला बोलू."

ती बाई प्रियांकाच होती! हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याच प्रोटीनवर तिचं संशोधन. प्रबंध लिहायला मावशीकडे आलेली, आणि विहारात मोठ्या हौसेनं बोललेली. करायला गेली एक, झालं भलतंच.

"आई कशा हायत आता?"

"अंगात ताकदच उरली न्हाई. डॉक्टरनं पुढचा डोस थांबवलाय. वजन भरलं तरच देतो म्हणले."

आता गप्प बसणं पाप होतं.

"ती बाई मीच," ती म्हणाली. "आणि... मी अर्धवटच सांगितलं."

तो चिडला. चिडणारच. "मग आता पुरतं सांगा की!"

ती कोंबडीच्या टोपलीशेजारी उकिडवी बसली. "औषधानं पेशीला इजा होते, तिला मरायचा हुकूम सुटतो. पण कॅन्सरच्या काही पेशी एक प्रोटीन ज्यादा बनवतात. ते दारात उभं राहतं, हुकूम आत जाऊ देत नाही. ते पेशी आपल्याच घरात बनवते, ताटातल्या वरणातून येत नाही. खाल्लेलं अंडं पोटात विरघळतं, त्याचं रक्तमांस होतं. आईंना तेच पाहिजे."

"आईच्या पेशीत हाय का ते दारवाला?"

"ते डॉक्टर सांगतील. पण उपाशी माणसाला औषध झेपत नाही, एवढं मी सांगते." तिनं कोंबडी उचलली. "ही मी घेतली. राहील मात्र तुमच्याच दारात. अंडी आईंची. मी माझी कोंबडी बघायला येत जाईन."

"रोज?" असं म्हणून तो हसला. डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं ना? ते हसले की प्रियांकाला पुढचं वाक्य सुचत नसे.

त्याचं नाव धम्मदीप, आईचं कुसुमबाई. प्रियांका संध्याकाळी जायची, कुसुमबाईंना उकडलेलं अंडं सोलून द्यायची. हळूहळू वजन भरलं, डोस पुन्हा सुरू झाले.

"तुमच्या त्या प्रोटीनसारखं माझ्या बी दारात कुणीतरी उभं हाय," एकदा तो म्हणाला.

"काय करतंय?"

"रोज ठरवतो, ह्या बाईचा नाद सोडायचा... हुकूम आतच जात न्हाई."

ती लाजली, आणि कोंबडीला उगाच दाणे टाकत बसली.

उन्हाळा सरता सरता तपासणी झाली. गाठ पुष्कळ आकसली होती. त्याच आठवड्यात प्रियांकाचा प्रबंधही लिहून झाला. हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी ती निरोपाला आली. धम्मदीप खाली मान घालून पाना पुसत होता.

"कोंबडी... न्यायची आसंल तर न्या."

"गप रे," बाजेवरून कुसुमबाई म्हणाल्या. डोक्यावर नवे केस उगवायला लागले होते. "कोंबडी हलायची न्हाई. मालकिणीलाच बोलव की कायमचं इकडं!"

त्यानं पाना खाली ठेवला. "येशील?" पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला. "मला तू... लय आवडतीस."

प्रियांकाचे डोळे भरून आले. तिनं कुसुमबाईंचा हात धरला.

"आई, आता खायची अंडी बाजारातून आणा. तांबडीला अंड्यांवर बसवा. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात, त्याच्या आत प्रबंध देऊन मी येते."

धम्मदीप तसाच उठला आणि अंड्यांखाली टोपलीत घालायला भुसा आणायला पळाला.